नांगरामागचा माणूस आणि माणसाविना नांगर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

शेतातल्या यंत्रांविषयी बोलायला हिंदमातेच्या माणसाला का बोलावले, असे आपल्याला वाटले असेल. हिंदमाता म्हटले की मुंबईकराला साड्यांची आणि ड्रेस मटेरियलची दुकाने आठवतात, नाहीतर पावसाळ्यात तुंबलेले पाणी. इथे नांगरायला एक गुंठाही जमीन नाही. तरीही चालकाविना चालणाऱ्या ट्रॅक्टरची गोष्ट समजून घ्यायची असेल, तर सुरुवात इथूनच करावी असे मला वाटते. यंत्र आले की माणसाचे काय होते, हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत मोठ्याने विचारला गेला तो याच गिरणगावात. आणि तो विचारणारी माणसे अर्धी शेतकरीच होती.

हिंदमातेच्या चौकातून परळकडे चालू लागलात की थोड्याच वेळात पशुवैद्यकीय महाविद्यालय लागते. १८८६ साली ते सुरू झाले. त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे. साकरबाई या सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पत्नी, आणि पेटिट हे मुंबईतले मोठे गिरणीमालक. मला या योगायोगाचे नेहमी कुतूहल वाटत आले आहे. आजारी बैलांचा दवाखाना गिरणीच्या पैशातून उभा राहिला. त्या काळात शेतीची सगळी ताकद बैलाच्या खांद्यावर होती, आणि गिरणीची सगळी ताकद बॉयलरमध्ये. एकाच परळमध्ये ही दोन्ही युगे शेजारी शेजारी नांदत होती.

शेतीतले यंत्र म्हटले की आपण सगळी यंत्रे एकाच टोपलीत टाकतो. माझ्या मते त्यांच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर यंत्र बैलाची आणि माणसाची ताकद घेते. नांगर, पंप, ट्रॅक्टर ही या पायरीवरची यंत्रे. दुसऱ्या पायरीवर ते माणसाचा हात घेते. पेरणी, कापणी, तोडणी ही हाताची कामे यंत्र करू लागते. तिसऱ्या पायरीवर ते माणसाची नजर घेते. कुठे वळायचे, कुठे थांबायचे, कुठे फवारायचे हे यंत्रच ठरवते. चालकाविना ट्रॅक्टर ही तिसरी पायरी. पण पहिल्या दोन पायऱ्यांवर आपले काय झाले हे पाहिल्याशिवाय तिसरीवर पाय ठेवू नये.

पहिल्या पायरीची आपल्याकडची सर्वांत बोलकी कथा लक्ष्मणराव किर्लोस्करांची आहे, आणि तिचा एक धागा मुंबईतच सापडतो. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा हा मुलगा चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आला. डोळ्यांना काही रंग ओळखू येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्याने रंग सोडले आणि यंत्रांची रेखाटने धरली. पुढे ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. आज माटुंग्याला असलेली ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती आणि गिरण्यांना लागणारी तंत्र जाणणारी माणसे तयार करणे हे तिचे मोठे काम होते. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, बेळगाव गाठले आणि भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले. त्याच्या जोडीने कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनवायला घेतला.

नांगर चांगला होता. गिऱ्हाईक मात्र नव्हते. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज आपण या समजुतीला हसतो. पण त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. लाकडी नांगर गावचा सुतार बनवी, लोहार त्याला फाळ बसवी, आणि त्याचा मोबदला सुगीला धान्यात दिला जाई. नांगर मोडला तर दुरुस्ती गावात. लोखंडी नांगराला मात्र रोख पैसे मोजायचे, आणि तो मोडला तर सुटा भाग बेळगावहून यायचा. जमिनीच्या विषाची भीती खोटी असेल, पण एका अनोळखी कारखान्यावर अवलंबून राहण्याची भीती खोटी नव्हती.

तरीही लोखंडी नांगर जिंकला. काळ्या, चिकट रानात लाकडी नांगराला बैलांच्या दोन-तीन जोड्या जुंपूनही हरळीची मुळे हलत नसत. लोखंडी नांगर खोल जाई, माती पालथी घाली आणि हरळी उन्हाला उघडी पाडी. शेतकऱ्याने शेजारच्या रानात हे पाहिले आणि विषाची गोष्ट विसरून गेला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पुढे पाण्याचे पंप तिथून गावोगाव गेले. मोटेचे बैल विहिरीवरून हळूहळू दिसेनासे झाले.

या कथेतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नांगर शेतकऱ्याच्या मालकीचा होता. बैलाची एक जोडी वाचली तर तिचा कडबा त्याच्याच गोठ्यात वाचला. कष्ट त्याचेच कमी झाले आणि फायदाही त्याच्याच घरात पडला. ज्याचे नुकसान झाले तो सुतार आणि लोहार. त्यांचे बलुते पातळ होत गेले. त्यांच्यापैकी अनेकांच्या मुलांनी मुंबईची वाट धरली. त्या नुकसानीची नोंद कुठल्या कारखान्याच्या इतिहासात होत नाही.

ट्रॅक्टरची कथा याच पायरीवरची, फक्त मोठी. स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारने अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर घेऊन मध्य भारतातल्या कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोकळ्या केल्या. १९६३ साली महिंद्रा कंपनीने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीला जोडीला घेऊन मुंबईत, कांदिवलीला, ट्रॅक्टरचा कारखाना काढला. लोकलच्या डब्यात बसून ट्रॅक्टर बनवायला जाणारा कामगार ही मुंबईची खास चीज. १९६० च्या आसपास भारतातल्या शेतीत वापरल्या जाणाऱ्या ताकदीपैकी सुमारे नव्वद टक्के ताकद माणसाची आणि जनावराची होती. आज हे प्रमाण जवळजवळ उलटे झाले आहे. परळच्या दवाखान्यात आता कुत्री-मांजरांची रांग जास्त दिसते, ती काही उगाच नाही.

आता दुसऱ्या पायरीकडे, म्हणजे हाताकडे येऊ. इथे मी शेत सोडून थोडा वेळ गिरणीत जातो. हाताची जागा यंत्राने घेतली की काय होते ते आपल्याकडे आधी गिरणीत घडले.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातून आले आणि साचेखात्यात लागले. साचा म्हणजे माग. एका माणसाकडे दोन साचे असत. धागा तुटला की साचा थांबवायचा, गाठ मारायची. कांडी संपली की बदलायची. या कामात ताकद फारशी लागत नसे, पण नजर आणि बोटे सतत लागत. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कांडी आपोआप बदलणारे आणि धागा तुटला की स्वतःच थांबणारे साचे आले. तिथे एकेक विणकर कितीतरी साचे सांभाळू लागला. मुंबईतल्या मालकांनी हा हिशेब पाहिला. पण नवी यंत्रे घ्यायला लागणारे भांडवल बऱ्याच जणांनी घातले नाही. जुन्याच साच्यांवर दोनाऐवजी तीन साचे एका माणसाने पाहावेत, त्रासनखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू एकाने सांभाळाव्यात, अशी योजना निघाली. तिला ‘रॅशनलायझेशन’ असे भारदस्त नाव होते.

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्या थांबल्या. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते. ना. म. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, अर्जुन आळवे अशी वेगवेगळ्या विचारांची माणसे त्या लढ्यात एकत्र आली आणि गिरणी कामगार युनियन त्याच संपात जन्माला आली. कामगार यंत्राच्या विरुद्ध नव्हते, हे मला इथे ठासून सांगायचे आहे. रोज तासन्‌तास यंत्राशी दोस्ती करणारा माणूस यंत्राचा वैरी कसा असेल? त्यांचे विचारणे सरळ होते. दोन माणसांचे काम एकाने केले, तर त्याला वाढवून काय देणार? आणि जो दुसरा घरी गेला, त्याने काय खायचे?

सहा महिने संप चालला कसा? याचे उत्तर पुन्हा शेतात आहे. पगार बंद झाला तेव्हा हजारो कामगार बोटीने कोकणात आणि रेल्वेने घाटावर गेले. गावी चार वाफे भात होते, नाचणी होती, म्हातारी आई होती. गावची शेती हा गिरणी कामगाराचा न लिहिलेला विमा होता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हाही हेच झाले. आमच्या चाळीतल्या कितीतरी खोल्यांना त्या वर्षी कुलपे लागली. त्या संपानंतर गिरण्या पूर्वीसारख्या कधीच सुरू झाल्या नाहीत. कापड यंत्रमागांकडे, भिवंडी आणि इचलकरंजीला गेले. सरकारी महामंडळाकडे असलेली हिंदमातेजवळची टाटा मिल त्यातून बरीच वर्षे तग धरून राहिली. २०२० च्या टाळेबंदीत तिचाही भोंगा थांबला.

त्याच टाळेबंदीत तिसऱ्यांदा तेच घडले. शहरातले काम गेले आणि माणसे गावाकडे चालत निघाली. देशातल्या काम करणाऱ्या माणसांपैकी शेतीत असणाऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, ते २०१९-२० मध्ये ४५.६ टक्के झाले. जग पुढे जाते तसे शेतीतली माणसे कमी होतात, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात असते. आपल्याकडे संकट आले की आकडा मागे वळतो. शेतीला माणसांची गरज होती म्हणून ती परत गेली नाहीत. दुसरीकडे कुठेच जागा नव्हती म्हणून ती गेली.

आता उसाच्या फडात चला. दसरा झाला की बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते, यातच सगळे आले. मुकादम आगाऊ उचल देतो आणि ती हंगामभर फेडायची. गिरणीतला जॉबर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मुकादमाची ओळख वेगळी करून द्यायला नको. गिरणीतला एक शब्दही फडात तसाच आहे: खाडा. एक दिवस काम चुकले की खाडा पडला आणि पैसे कापले गेले. या खाड्याच्या भीतीने आणि इतर कारणांनी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांनी गर्भाशय काढून घेतल्याचे उघडकीस आले. २०१९ साली सरकारनेच नेमलेल्या समितीने ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेतली, त्यांत १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. हा आकडा ऐकल्यावर कोयत्याचे काम यंत्राला द्या, असे कोणीही माणुसकी असलेला माणूस म्हणेल. मीही म्हणतो.

शेतकऱ्याची बाजूही खरी आहे. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात ऊस इतका झाला की तोडायला टोळ्या मिळेनात. मे संपला तरी ऊस रानात उभा होता आणि काही ठिकाणी गाळप जूनपर्यंत चालले. वाळत चाललेला ऊस पाहणाऱ्या शेतकऱ्याला यंत्राविरुद्ध भाषण ऐकवून उपयोग नाही. राज्य सरकारने त्यानंतर ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी योजना काढली. किमतीच्या चाळीस टक्के किंवा पस्तीस लाख रुपये, यांपैकी जे कमी ते अनुदान. म्हणजे यंत्राची किंमत कोटीच्या घरात. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो, यंत्र शंभर टनांच्या आसपास. त्यासाठी सऱ्या रुंद लागतात आणि रान सलग लागते.

हिशेब करून पाहा. एका यंत्रामागे पन्नासेक कोयते, म्हणजे शंभर माणसे. त्यांचे कष्ट गेले, हे फार चांगले झाले. त्यांची मजुरीही त्याच दिवशी गेली. यंत्र घेणारा मात्र त्या शंभरांतला नाही; तो ठेकेदार आहे, बागायतदार आहे किंवा कारखाना आहे. लोखंडी नांगराच्या वेळी कष्ट वाचले ते ज्याच्या घरी, फायदाही मुख्यतः त्याच्याच घरी गेला. इथे कष्ट एका घरातून जातात आणि फायदा दुसऱ्या घरात पडतो. १९२८ साली साचेखात्यात नेमके हेच झाले होते.

तिसरी पायरी नजरेची. सप्टेंबर २०१७ हा महिना मला त्यासाठी लक्षात ठेवण्यासारखा वाटतो. त्या महिन्यात इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात हार्पर अ‍ॅडम्स विद्यापीठाच्या एक हेक्टर रानात बार्लीची कापणी झाली. पेरणीपासून कापणीपर्यंत त्या रानात एकाही माणसाने यंत्र चालवायला पाऊल टाकले नव्हते. साडेचार टन बार्ली निघाली. त्याच महिन्यात चेन्नईच्या संशोधन केंद्रात महिंद्रा कंपनीने आपला चालकाविना ट्रॅक्टर लोकांना दाखवला. कांदिवलीत सुरू झालेला प्रवास चौपन्न वर्षांत इथवर आला होता. आणि त्याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दवाखान्यात दाखल होत होते. त्या हंगामात एकट्या यवतमाळमध्ये किमान वीस जण दगावले.

यवतमाळला काय झाले ते थोडे सांगतो. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. बोंडअळी आली, म्हणून फवारण्या वाढल्या. पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल आणि फवारा डोक्याच्या उंचीवर. हवा दमट आणि कोंदट. औषध पिकावर पडत होते तसेच फवारणाऱ्याच्या अंगावर, डोळ्यांत, श्वासात जात होते. मेलेल्यांत स्वतःची जमीन नसलेले, रोजाने फवारणी करणारे मजूरही होते. इथे ड्रोन वापरला असता तर? दहा लिटरची टाकी घेऊन उडणारा ड्रोन एक एकर रान दहा मिनिटांच्या आत फवारतो आणि चालवणारा माणूस बांधावर लांब उभा असतो. काही कामे अशी आहेत की ती माणसाने करूच नयेत. गटारात उतरणे हे जसे त्यांतले एक, तसेच विषाच्या फवाऱ्यात उभे राहणे हे दुसरे.

चालकाविना ट्रॅक्टरमध्ये जादू काही नाही. आपल्या मोबाइलला उपग्रहाकडून आपला ठावठिकाणा कळतो, पण तो तीन-चार मीटर इकडेतिकडे असतो. तेवढी चूक नांगराला परवडत नाही. तो थेट शेजाऱ्याच्या रानात जाईल आणि भाऊबंदकीला नवे कारण मिळेल. म्हणून रानाच्या कडेला एक स्थिर यंत्र ठेवतात. स्वतःची जागा पक्की ठाऊक असल्यामुळे ते उपग्रहाची चूक ओळखते आणि ट्रॅक्टरला दुरुस्ती कळवते. मग दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत नेमकेपणा येतो. रानाची हद्द आधीच आखून दिलेली असते. बांध आला की ट्रॅक्टर अवजार उचलतो, वळतो आणि पुन्हा तास धरतो. कॅमेऱ्यात माणूस किंवा जनावर दिसले की थांबतो. जपानमध्ये शेतकऱ्यांचे सरासरी वय पासष्टीच्या पुढे गेले आहे आणि मुले शहरात आहेत. तिथे अशा ट्रॅक्टरला मागणी आहे. अमेरिकेत हजारो एकरांची रानेच आहेत. तिथल्या जॉन डिअर कंपनीने २०२२ च्या जानेवारीत आपला चालकाविना ट्रॅक्टर लोकांसमोर आणला.

आपल्याकडचे रान कसे आहे? १९१७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये तिथे एका शेतकऱ्याकडे सरासरी चाळीस एकर जमीन होती. १९१५ पर्यंत ती सात एकरांवर आली होती. आज त्या गावात इमारती उभ्या आहेत, तो भाग वेगळा. सबंध महाराष्ट्राचा आकडा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होता आणि २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर. तीन-साडेतीन एकर, तेही दोन-तीन तुकड्यांत. मध्ये बांध, विहीर, विजेचा खांब, आंब्याचे झाड, चरायला सोडलेली शेळी. या रानात एका शेतकऱ्याने मोठा स्वयंचलित ट्रॅक्टर घेणे म्हणजे सुई ओवायला क्रेन आणणे.

पण म्हणून स्वयंचलित यंत्र आपल्याकडे आलेच नाही असे समजू नका. ते मागच्या दाराने केव्हाच आले. शेतातली वीज रात्री-बेरात्री येते. ती आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ जोडलेले शेतकरी आपल्याला गावोगाव दिसतील. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी त्यापुढे जाऊन मोबाइलवरून पंप चालू-बंद करण्याचे ‘नॅनो गणेश’ हे साधन तयार केले. अंधारात, साप-विंचवातून, एक बटण दाबायला दोन-तीन किलोमीटर चालण्याचे कष्ट त्याने वाचवले. महाराष्ट्रातले चालकाविना यंत्र म्हणून आधी नाव घ्यायचे तर ट्रॅक्टरच्या आधी या पंपाचे घ्यावे लागेल. या यंत्राने कोणाची मजुरी गेली नाही. गेली ती फक्त शेतकऱ्याची मोडलेली झोप. ते स्वस्त होते, त्याच्या मालकीचे होते आणि त्याच्याच गरजेतून आलेले होते.

हे सगळे एकत्र ठेवले की इतिहास आपल्याला काय विचारायला शिकवतो? यंत्र चांगले की वाईट, या वादात मला रस उरलेला नाही. यंत्र दारात आले की दोनच प्रश्न विचारावेत. एक, ते कोणाचे कष्ट घेणार आहे आणि दोन, वाचलेला पैसा कोणाच्या घरात जाणार आहे? दोन्ही उत्तरे एकाच घराची असतील तर यंत्राला ओवाळून घरात घ्यावे. वेगवेगळ्या घरांची असतील, तर यंत्र येण्याआधी बोलणी व्हावीत, नंतर नव्हे. १९२८ साली बोलणी आधी झाली असती तर सहा महिन्यांचा संप कदाचित टळला असता.

आणि ही बोलणी करण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला, तेव्हा महागडे यंत्र एकट्याला परवडत नाही, पण हजार जणांना मिळून परवडते हे त्यांनी दाखवून दिले. तोच हिशेब ऊसतोडणी यंत्राला का लागू नये? ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे. अनुदानाच्या यंत्रांपैकी काही यंत्रे तोडणी करणाऱ्यांच्याच संस्थांना द्यावीत, त्यांच्या मुलांना ती चालवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे शिक्षण द्यावे. कोयता खाली ठेवणाऱ्याच्या हातात यंत्राची किल्ली जावी. केंद्र सरकारने २०२३ साली पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. तिचे यश-अपयश काळ ठरवील, पण त्यामागची दिशा मला बरोबर वाटते. गावातला ड्रोन गावातल्या बायकांच्या मालकीचा असेल, तर फवारणीचे पैसे गावातच राहतील.

हे तातडीने करायला हवे, कारण मागच्या वेळी आणि या वेळी एक फरक आहे. १९२८ मध्ये, १९८२ मध्ये, अगदी २०२० मध्येही शहरातल्या यंत्राने किंवा संकटाने बाहेर काढलेल्या माणसाला जायला एक जागा होती. त्याचे गाव, त्याचे चार वाफे, तिथे काही ना काही हाताला काम. शेती सगळ्यांना सामावून घेत असे. पोट भरून नाही, पण उपाशी मरू न देता. उद्या फडातल्या, शिवारातल्या हाताची गरज संपली तर तिथून निघालेला माणूस कोणत्या गावी जाणार? बीडचा कोयता मुंबईला आला तर त्याच्यासाठी साचेखाते उरलेले नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत, आणि त्यांच्या लिफ्टही आता माणसाविना चालतात.

माझे आजोबा तिसऱ्या साच्याबद्दल एकच गोष्ट सांगत. साचा वाढला त्याचे दुःख नव्हते, आम्हाला कोणी विचारले नाही त्याचे होते. शेतात येणाऱ्या यंत्राबाबत निदान ही एक गोष्ट आपल्याला टाळता येईल. ट्रॅक्टरच्या सीटवर उद्या कोणी नसेल, तरी त्याच्या हिशेबाच्या वहीत कोणाकोणाची नावे असावीत, हे आज आपल्या हातात आहे.